मौना केआ आणि तीस मीटरची दुर्बीण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात ढग आले की लोक गप्पांकडे वळतात, आणि गप्पा फार वेळ चालल्या की कुणीतरी हमखास विचारतं, "अहो, त्या हवाईच्या दुर्बिणीचं काय झालं?" गेली काही वर्षं हे प्रश्न तोंडी, व्हॉट्सॲपवर आणि ईमेलनं येत राहिले. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. एका उत्तरात येऊन गेलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मौना केआ कुठे आहे आणि वाद नक्की कशाचा?

प्रशांत महासागराच्या मधोमध असलेल्या हवाई बेटांपैकी सगळ्यात मोठ्या बेटावरचा हा सुप्त ज्वालामुखी. समुद्रसपाटीपासून उंची ४,२०७ मीटर. पायथा समुद्राच्या तळाशी आहे, तिथून मोजला तर हा डोंगर १०,००० मीटरच्या वर जातो, म्हणजे एव्हरेस्टपेक्षा उंच. शेवटचा उद्रेक सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीचा.

या डोंगरावर 'थर्टी मीटर टेलिस्कोप' म्हणजे टीएमटी बांधायचं २००९ मध्ये ठरलं. हवाईच्या मूळ रहिवाशांपैकी बऱ्याच जणांसाठी हा डोंगर पूर्वज आहे. आधीच तिथे इतकं बांधून झालंय, आता बास, असं त्यांचं म्हणणं. दोनदा परवाना मिळाला, दोनदा काम सुरू करायचा प्रयत्न झाला, दोन्ही वेळा लोक रस्त्यात उभे राहिले. दुर्बीण आजही कागदावरच आहे.

२. एवढ्या जगात त्यांना दुसरा डोंगर मिळाला नाही का?

मिळाला होता. शेवटच्या फेरीत मौना केआसमोर चिलीतला सेरो आर्माझोनेस होता. आज त्याच आर्माझोनेसवर युरोपची ३९ मीटरची दुर्बीण उभी राहते आहे.

मौना केआची ओढ का, हे समजून घ्यायला हवं, नाहीतर खगोलशास्त्रज्ञ उगाच हट्टी वाटतात. ढग सहसा शिखराच्या खालीच अडकतात. वातावरणाचा जवळजवळ ४० टक्के भाग पायाखाली राहतो आणि वरची हवा कमालीची कोरडी असते. बाष्प अवरक्त (इन्फ्रारेड) किरण शोषून घेतं, म्हणून हा कोरडेपणा सोन्यासारखा. शिवाय हजारो किलोमीटर समुद्रावरून विनाअडथळा आलेला वारा या डोंगरावरून सरळ, न घुसळता जातो. तारा लुकलुकतो तो या घुसळण्यामुळे. आपल्याला ते लुकलुकणं गोड वाटतं, दुर्बिणीवर बसलेल्या माणसाची रात्र त्यानं वाया जाते.

आणखी एक कारण. बाकीच्या दोन महाकाय दुर्बिणी, म्हणजे युरोपची आणि २५.४ मीटरची 'जायंट मॅगेलन', दोन्ही चिलीत बांधल्या जात आहेत. तिथून उत्तरेकडचं बरंच आकाश दिसत नाही किंवा नीट दिसत नाही. त्यामुळे तिसरी उत्तर गोलार्धात हवी, हा मुद्दा वैज्ञानिकदृष्ट्या पक्का आहे.

३. तीस मीटर म्हणजे काय? तीस मीटर लांबीची नळी?

आरशाचा व्यास. तोही एकसंध नाही, कारण एवढा आरसा ना ओतता येतो ना डोंगरावर नेता येतो. सुमारे १.४४ मीटरचे ४९२ षटकोनी तुकडे मधमाशीच्या पोळ्यासारखे शेजारी शेजारी बसवून एक पृष्ठभाग करायचा, आणि संवेदकांच्या मदतीनं तो रात्रभर जुळवत ठेवायचा. मौना केआवरच्या केक दुर्बिणी १० मीटरच्या आहेत. त्यांच्या नऊपट प्रकाश आणि तिप्पट बारकावा, असा साधा हिशेब.

४. डोंगर 'पवित्र' म्हणजे काय? वर देऊळ आहे का?

आपल्याला डोंगर पवित्र म्हटलं की पायऱ्या, कळस, प्रसादाची दुकानं आठवतात. तिथे तसलं काही नाही. उलट वर माणसानं फारसं जाऊच नये, हीच त्या पावित्र्याची खूण होती. जुन्या काळी शिखराकडचा भाग वरच्या दर्जाच्या, ठरावीक कामासाठी गेलेल्या लोकांसाठीच होता.

परंपरेप्रमाणे वाकेआ हा आकाशपिता आणि पापा ही भूमाता. डोंगराचं एक नाव 'मौना आ वाकेआ', म्हणजे वाकेआचा डोंगर. हवाई बेट हे त्या दोघांचं अपत्य आणि त्याच वंशावळीत पुढे माणूस येतो. म्हणजे डोंगर हा देवाचा पत्ता नाही, घरातला थोरला आहे. शिखराशी बर्फाची देवी पोलिआहू जोडलेली आहे. शिखराजवळ सुमारे ३,९७० मीटरवर वाइआऊ नावाचं छोटं सरोवर आहे. नवजात बाळाची नाळ तिथे नेऊन ठेवायची प्रथा काही घराण्यांत आजही आहे. वरच्या उतारावर दगडी कुऱ्हाडींसाठी लागणाऱ्या कठीण बेसाल्टची प्राचीन खाण आहे. ठिकठिकाणी रचलेल्या दगडांची देवस्थानं आणि दफनाच्या जागाही आहेत.

आपल्याकडे देवराईत वाळलेली काटकीही उचलत नाहीत. तिथे मूर्ती असो वा नसो, जागाच देवाची. त्या जातीचं पावित्र्य डोळ्यासमोर आणलं तर मौना केआ लवकर समजतो.

५. पण तिथे आधीच तेरा दुर्बिणी होत्या. तेरा चालल्या, मग चौदावी का चालेना?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि त्यातच एक चूक दडलेली आहे. तेरा 'चालल्या' असं नाही. लोकांना कुणी विचारलंच नव्हतं.

१९६० मध्ये चिलीतल्या भूकंपामुळे उठलेल्या त्सुनामीनं याच बेटावरचं हिलो शहर उद्ध्वस्त केलं, ६१ माणसं गेली. शहराला पुन्हा उभं राहायला धंदा हवा होता. तिथल्या व्यापारी मंडळींनी खगोलशास्त्रज्ञांना पत्रं लिहिली, की आमच्याकडे उंच डोंगर आहे, या. खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड कायपर आले, १९६४ मध्ये चाचण्या झाल्या, कच्चा रस्ता झाला. १९६८ मध्ये राज्य सरकारनं शिखराचा प्रदेश हवाई विद्यापीठाला ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिला. १९७० मध्ये विद्यापीठाची २.२ मीटरची दुर्बीण आली, १९७९ मध्ये एका वर्षात तीन मोठ्या दुर्बिणी सुरू झाल्या, पुढे दोन्ही केक, सुबारू, जेमिनी, आणि रेडिओ दुर्बिणींची रांग.

याच काळात बेटावर बोलणारेही होते. शिकारी, पर्यावरणवाले आणि मूळ रहिवासी सत्तरच्या दशकापासून कुरकुर करत होते. पण तेव्हा शाळांतून हवाईयन भाषा जवळजवळ नाहीशी झालेली होती आणि त्या समाजाच्या पुनरुज्जीवनाची चळवळ नुकती सुरू होत होती. १९९८ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकानंच अहवाल दिला, की विद्यापीठानं डोंगराची राखण नीट केलेली नाही, बांधकामाला प्राधान्य मिळालं आणि संरक्षण मागे पडलं. त्यानंतर केकच्या शेजारी छोट्या दुर्बिणींचा एक प्रकल्प येणार होता. तो न्यायालयात अडकला आणि २००६ मध्ये सोडून द्यावा लागला. म्हणजे टीएमटीच्या आधीच वारं फिरलं होतं. टीएमटीच्या वाट्याला आला तो साठलेल्या चाळीस वर्षांचा राग.

६. दुर्बीण अगदी शिखरावर बांधणार होते का?

नाही. शिखराच्या वायव्येला, सुमारे ४,००० मीटरवरच्या लाव्हाच्या पठारावर. तिथे आधी दुर्बीण नाही आणि त्या विशिष्ट तुकड्यावर कुठलंही देवस्थान सापडलेलं नाही. हे टीएमटीवाले सांगतात ते खरं आहे. घुमट मात्र सुमारे ५५ मीटर उंच, म्हणजे अठरा मजली इमारतीएवढा, आणि जागा सुमारे पाच एकर. विरोधकांचं उत्तर असं, की आजोबांच्या अंगावर नेमकं कुठे खिळा ठोकताय, हा प्रश्नच नाही. दोन्ही बाजू खरं बोलत असूनही एकमेकांना ऐकू येत नाही, त्याचा हा चांगला नमुना.

७. ही जमीन मुळात कुणाची?

माझ्या मते वादाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

हवाई हे एक मान्यताप्राप्त, स्वतंत्र राज्य होतं. राजघराणं, राज्यघटना, परदेशांशी करार, सगळं होतं. १७ जानेवारी १८९३ रोजी, बहुतांश अमेरिकन वंशाच्या व्यापारी आणि साखर-मळेवाल्यांच्या गटानं, अमेरिकी नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना, राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केलं. १८९८ मध्ये अमेरिकेनं बेटं सामील करून घेतली. राजघराण्याच्या आणि जुन्या सरकारच्या ताब्यातली सुमारे १८ लाख एकर जमीन अमेरिकेकडे गेली. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं तेव्हा त्यातली बरीचशी राज्याला 'विश्वस्त' म्हणून परत मिळाली. विश्वस्तानं ती पाच कारणांसाठी वापरायची, आणि त्यातलं एक कारण मूळ हवाईयनांचं कल्याण. मौना केआचं शिखर या जमिनीत मोडतं.

१९९३ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, अमेरिकी काँग्रेसनं ठराव करून माफी मागितली आणि अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. मूळ हवाईयनांनी आपलं सार्वभौमत्व स्वतः कधीच सोडलेलं नाही, हे त्या ठरावात लिहिलेलं आहे. जमीन मात्र होती तिथेच राहिली.

आता त्यांच्या जागी उभं राहून बघा. ज्यानं घर घेतलं तो म्हणतो चूक झाली, माफ करा, आणि त्याच घराची गच्ची तिसऱ्याला भाड्यानं देतो. गच्चीवर येणारा भाडेकरू कितीही सज्जन, कितीही विद्वान असो, घरमालक चिडणारच.

८. वर्षाला एक डॉलर भाडं, हे खरं का?

खरं. १९६८ च्या भाडेपट्ट्यात विद्यापीठानं राज्याला वर्षाला एक डॉलर द्यायचा होता. दुर्बिणीवाल्या संस्था विद्यापीठाला भाड्याऐवजी निरीक्षणाचा वेळ द्यायच्या, म्हणजे वर्षातल्या काही रात्री तिथल्या खगोलशास्त्रज्ञांना मोफत. विद्यापीठाचा खगोलशास्त्र विभाग जगात नावाजला तो याच जोरावर. हिलोतल्या सामान्य माणसाला त्या रात्रींचा काय उपयोग, हा प्रश्न त्या काळी कागदावर आलाच नाही.

टीएमटीनं ही पद्धत मोडली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. भाडं वर्षाला ३ लाख डॉलरपासून वाढत १०.८ लाख डॉलरपर्यंत न्यायचं ठरलं. शिवाय बेटावरच्या मुलांच्या शिक्षणासाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी. तो २०१४ पासून, दुर्बिणीची एक वीटही नसताना, सुरू झाला.

९. न्यायालयानं परवानगी दिली होती ना? मग प्रश्न मिटला नाही का?

न्यायालयाची गोष्ट दोन अंकी आहे. राज्याच्या भूमी मंडळानं २०११ मध्ये परवान्याच्या बाजूनं मत दिलं आणि विरोधकांची रीतसर सुनावणी त्यानंतर ठेवली. सुनावणी होऊन २०१३ मध्ये परवाना कायम झाला. २ डिसेंबर २०१५ रोजी हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. कारण सरळ होतं: निकाल आधी आणि सुनावणी मागून, ही सुनावणी नव्हे.

मग नव्यानं सुनावणी झाली. ४४ दिवस, ७१ साक्षीदार. सप्टेंबर २०१७ मध्ये मंडळानं पाच विरुद्ध दोन मतांनी पुन्हा परवाना दिला आणि ३० ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयानं तो चार विरुद्ध एक असा उचलून धरला.

त्या निकालातला एक मुद्दा वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. आधीच्या दुर्बिणींमुळे डोंगराचं लक्षणीय नुकसान झालेलं आहे, हे प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालातच मान्य केलेलं. बहुमताचा सूर असा, की आधीच एवढा बदल झाल्यावर आणखी एका दुर्बिणीनं फार फरक पडत नाही. असहमत न्यायमूर्ती मायकेल विल्सन यांनी नेमकं यावर बोट ठेवलं: म्हणजे एखादी जागा पुरेशी बिघडवली की पुढे ती बिघडवायला मोकळीक मिळते. मला त्यांचं म्हणणं पटतं.

तर कायद्याच्या दृष्टीनं परवाना वैध ठरला. रस्त्यावर काय झालं ते पुढच्या प्रश्नात.

१०. २०१९ मध्ये नक्की काय घडलं?

त्याआधी दोनदा ठिणगी पडली होती. ७ ऑक्टोबर २०१४ च्या भूमिपूजनात आंदोलक शिरले आणि समारंभ गुंडाळावा लागला. २ एप्रिल २०१५ रोजी ३१ जणांना अटक झाली.

जुलै २०१९ मध्ये राज्यपाल डेव्हिड इगे यांनी बांधकामाची तारीख जाहीर केली. १५ जुलैला पहाटे काही जणांनी रस्त्यातल्या, गुरं अडवायच्या लोखंडी जाळीला स्वतःला साखळ्यांनी जखडून घेतलं. १७ जुलैला वाट अडवून बसले ते कूपुना, म्हणजे समाजातले वडीलधारे. सत्तरी-ऐंशीतली माणसं, काही चाकाच्या खुर्चीत. तरुणांना त्यांनी मागे उभं केलं. पोलिसांनी तिसाहून अधिक ज्येष्ठांना अटक केली, काहींना अक्षरशः उचलून न्यावं लागलं. नेणाऱ्या पोलिसांतही स्थानिक होते. ती दृश्यं पाहून दुसऱ्या दिवसापासून गर्दी हजारोंत गेली.

रस्त्याच्या तोंडाशी, पुउहुलुहुलु टेकडीजवळ, तळ पडला. स्वयंपाकघर, दवाखाना, मुलांची शाळा, भाषेचे वर्ग, दिवसातून ठरलेल्या वेळी मंत्र आणि नृत्य. शिस्तीचं नाव 'कापू आलोहा': शिवी नाही, हिंसा नाही, दारू नाही, शस्त्र नाही. पंढरीच्या वाटेवरचा मुक्काम पाहिलेल्याला त्या तळाची फोटोंतली शिस्त ओळखीची वाटेल. ते स्वतःला आंदोलक म्हणवत नाहीत, 'किआइ' म्हणजे राखणदार म्हणवतात.

जुन्या दुर्बिणींचे कर्मचारी खाली आणले गेले आणि सुमारे चार आठवडे निरीक्षणं बंद पडली. डिसेंबरात बेटाचे महापौर हॅरी किम यांच्या मध्यस्थीनं रस्ता मोकळा झाला, आणि मार्च २०२० मध्ये कोविडमुळे तळ उठला. बांधकाम त्यानंतर सुरू झालेलं नाही.

११. सगळे मूळ हवाईयन विरोधातच आहेत का?

नाही. 'होकुलेआ' या पारंपरिक नौकेचे नावाडी चॅड कालेपा बायबायन हे डोंगरावरच्या खगोलशास्त्राच्या बाजूनं जाहीरपणे बोलत. ताऱ्यांवरून समुद्र ओलांडणाऱ्या पूर्वजांना दुर्बीण परकी वाटली नसती, असं त्यांचं म्हणणं. २०२१ मध्ये ते गेले. दुसऱ्या सुनावणीत मूळ हवाईयनांचा एक गट टीएमटीच्या बाजूनं उभा होता. समर्थक राजा कालाकाउआचा दाखला देतात: १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणासाठी (शुक्र सूर्यबिंबासमोरून जातो तो प्रसंग) आलेल्या ब्रिटिश पथकाचं त्यानं स्वागत केलं आणि १८८१ मध्ये कॅलिफोर्नियातली लिक वेधशाळेची जागा स्वतः जाऊन पाहिली.

दुसऱ्या बाजूला केआलोहा पिशोटा आहेत, ज्या याच डोंगरावरच्या एका रेडिओ दुर्बिणीवर तंत्रज्ञ होत्या आणि नंतर विरोधाच्या प्रमुख आवाजांपैकी एक झाल्या. मूळ हवाईयनांच्या हितासाठी असलेल्या राज्याच्या कार्यालयानं २००९ मध्ये या जागेला पाठिंबा दिला आणि २०१५ मध्ये तो मागे घेतला. समाज दुभंगलेला आहे, एकाच घरात दोन मतं आहेत. 'ते लोक' असं सरसकट बोलणं सोडा, इतकंच मी म्हणेन.

(नौकेच्या नावाबद्दल: होकुलेआ हा तारा म्हणजे आपला स्वाती. हवाई बेटांच्या बरोबर डोक्यावरून जातो, म्हणून नावाड्यांचा लाडका.)

१२. शेवटी हा विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा असाच मामला ना?

आमच्या वर्तुळात हे वाक्य फार ऐकू येतं, आणि २०१५ मध्ये मीही ते म्हटलं होतं. आता म्हणत नाही.

विरोधकांपैकी कुणी ग्रह-तारे खोटे आहेत म्हणत नाही. मकालीइ नक्षत्र, म्हणजे आपल्या कृत्तिका, सूर्यास्ताला उगवल्या की त्यांचं मकाहिकी पर्व सुरू होतं. आकाश त्यांना आपल्याइतकंच जवळचं. ज्या जपानी दुर्बिणीचं नाव सुबारू आहे, त्याचा अर्थही कृत्तिकाच. २०१७ मध्ये शेजारच्या माउई बेटावरच्या दुर्बिणीला सापडलेल्या परसूर्यमालेतल्या पाहुण्याला 'ओउमुआमुआ' हे हवाईयन नाव मिळालं. २०१९ मध्ये ज्या कृष्णविवराचं पहिलं चित्र आलं, त्याला हवाईयन भाषेचे प्राध्यापक लॅरी किमुरा यांनी जुन्या सृष्टिमंत्रातून 'पोवेही' हे नाव सुचवलं. त्या चित्रात मौना केआवरच्या दोन रेडिओ दुर्बिणींचा हात होता.

भांडण ज्ञानाशी नाही. दार कुणी उघडायचं, यावर आहे.

१३. पर्यावरणाचं काय? पाणी दूषित होतं म्हणतात.

जुन्या दुर्बिणींवर पाऱ्याच्या सांडण्याचे प्रकार घडले होते, म्हणून ही भीती हवेतून आलेली नाही. टीएमटीनं सांडपाणी डोंगरावर न सोडता टाक्यांत साठवून खाली न्यायचं कबूल केलं होतं.

माझा आवडता रहिवासी मात्र वेकिऊ नावाचा तांदळाच्या दाण्याएवढा किडा. शिखरावरच्या राखेच्या खड्यांत राहतो. वर फारसं काही उगवत नाही, म्हणून वाऱ्यानं खालून उडत येऊन गारठून मेलेले किडे खातो. रक्त गोठू नये अशी सोय त्याच्या शरीरातच आहे. राखेच्या टेकड्यांची डोकी सपाट करून दुर्बिणी बांधल्या तेव्हा याच्या घराचा काही भाग गेला. टीएमटीची जागा लाव्हाच्या खडकावर असल्यानं त्याला तिथे फारसा धोका नव्हता.

१४. भारताचा यात काय संबंध? पुण्याचं नाव ऐकलं होतं.

बरोबर ऐकलंत. टीएमटीत कॅलिफोर्नियातल्या दोन शिक्षणसंस्थांबरोबर जपान, चीन, कॅनडा आणि भारत भागीदार म्हणून आले. सप्टेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे १,३०० कोटी रुपये मंजूर केले. आपला वाटा सुमारे दहा टक्के, आणि त्यातला मोठा भाग रोख नाही, तर वस्तू आणि काम या रूपात. बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था, पुण्याची आयुका आणि नैनितालची एरीज या तीन संस्था यात आहेत. आरशाचे काही तुकडे घासून तयार करायची कार्यशाळा बंगळुरूजवळ होसकोट्यात उभी राहिली. तुकड्यांच्या कडांचे संवेदक, त्यांना हलवणारी यंत्रणा आणि सॉफ्टवेअरचा मोठा वाटा भारताकडे आला. सॉफ्टवेअरच्या कामात आयुका पुढे होती.

म्हणजे जुलै २०१९ मध्ये ज्या दुर्बिणीपायी आजीला रस्त्यातून उचलून नेलं, त्या दुर्बिणीत तुमच्या-माझ्या कराचा पैसाही होता. पुण्यामुंबईत या वादावर जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही, याचं मला वाईट वाटतं. २०२० च्या सुरुवातीला विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांनी मात्र, सर्व परवाने जिथे हातात असतील अशा पर्यायी जागी प्रकल्प न्यावा, असं भारताचं मत असल्याचं सांगितलं होतं.

१५. आपल्याकडे लडाखमध्ये बांधली असती तर?

हानलेचं नाव २०१६ मध्ये पर्यायी जागांच्या यादीत होतं. तिथे सुमारे ४,५०० मीटरवर आपली दोन मीटरची चंद्रा दुर्बीण आहे आणि आकाश सुंदर आहे. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात पर्याय म्हणून स्पेनच्या कॅनरी बेटांतलं ला पाल्मा निवडलं गेलं. तिथे उंची कमी, साधारण २,२५० मीटर, त्यामुळे अवरक्त निरीक्षणांत मौना केआची सर नाही. पण रस्ते, वीज, वेधशाळा, सगळं तयार आहे.

१६. मग आज प्रकल्प कुठे आहे?

आता अडसर आंदोलनाइतकाच पैशाचा आहे. खर्चाचा पहिला अंदाज सुमारे १.४ अब्ज डॉलर होता, तो पुढे दुपटीच्या वर गेला. भागीदारांची नजर अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे होती. २०२४ मध्ये महाकाय दुर्बिणींसाठी १.६ अब्ज डॉलरची मर्यादा घातली गेली. त्यात दोन दुर्बिणी बसणं अवघड होतं. २०२५ मध्ये मांडलेल्या, २०२६ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात प्रतिष्ठाननं चिलीतली मॅगेलन पुढे नेली आणि टीएमटीला बाजूला ठेवलं. जुलै २०२५ मध्ये स्पेननं ला पाल्माला येणार असाल तर ४० कोटी युरो देऊ, असं जाहीर केलं.

डोंगराचा कारभारही बदलतो आहे. २०२२ च्या कायद्यानं अकरा मतदार सदस्यांचं नवं प्राधिकरण आलं, त्यात मूळ हवाईयन परंपरेचे जाणकार आणि डोंगराशी वंशानं जोडलेल्यांसाठी जागा आहेत. विद्यापीठाकडून ताबा पूर्णपणे घ्यायची मुदत १ जुलै २०२८ आहे. जुना भाडेपट्टा २०३३ ला संपतो, त्यामुळे उरलेल्या दुर्बिणींचं भवितव्यही याच मंडळींच्या हातात असेल. खगोलशास्त्र चालू राहावं, हे राज्याचं धोरण त्याच कायद्यात लिहिलेलं आहे, हेही ध्यानात असू द्या.

१७. जुन्या दुर्बिणी काढू असं म्हणाले होते. काढल्या का?

दोन काढल्या. कॅल्टेकची सबमिलिमीटर दुर्बीण आणि हिलोच्या विद्यार्थ्यांची 'होकू केआ', दोन्ही २०२४ मध्ये उतरवून जागा पूर्ववत केली गेली. दुर्बीण उतरवणं म्हणजे घुमट तोडून भंगारात घालणं नव्हे. पाया उकरायचा, जुना खडक जसा होता तसा पसरायचा. ब्रिटिशांनी बांधलेली अवरक्त दुर्बीणही जायची आहे.

१८. असा वाद फक्त हवाईतच झाला का?

नाही. अॅरिझोनात किट पीक हा तोहोनो ओओधाम लोकांचा डोंगर. १९५० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञांनी त्यांच्या ज्येष्ठांना बोलावून दुर्बिणीतून चंद्र दाखवला. ज्येष्ठांनी त्यांना 'लांब डोळ्यांची माणसं' म्हटलं आणि १९५८ मध्ये जागा भाड्यानं दिली. गोष्ट गोड आहे, पण भाडेपट्टा वैज्ञानिक वापर चालू असेपर्यंतचा, म्हणजे जवळजवळ कायमचा. पुढच्या पिढीनं त्याच डोंगरावरच्या एका नव्या प्रकल्पाला २००५ मध्ये न्यायालयात आव्हान दिलं. अॅरिझोनातलाच माउंट ग्रॅहम अपाची लोकांचा. तिथे १९८८ मध्ये काँग्रेसनं खास कायदा करून दुर्बिणींना वाट करून दिली. माउईच्या हालेआकलावर चार मीटरची सौर दुर्बीण आंदोलन आणि अटकांनंतरही पूर्ण झाली.

१९. आपल्या नियमगिरीसारखंच आहे का हे?

काही अंशी. ओडिशात डोंगरिया कोंध लोकांचा नियमगिरी बॉक्साइटच्या खाणीसाठी जाणार होता. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभांना विचारलं, बारांनी नाही म्हटलं. फरक असा की खाण डोंगर खाऊन टाकते आणि दुर्बीण पाच एकरात बसते, त्यामुळे दोन्हींना एका तराजूत घालणं टीएमटीवर अन्याय होईल. पण नियमगिरीत 'नाही' म्हणायला एक जागा होती. मौना केआत सुनावण्या झाल्या, साक्षी झाल्या, हरकती नोंदल्या गेल्या, आणि 'नाही' या उत्तरासाठी फॉर्मात रकाना नव्हता.

२०. त्यापेक्षा अवकाशातच दुर्बीण का पाठवत नाहीत?

जेम्स वेबचा आरसा ६.५ मीटरचा आहे, तोही घडी घालून पाठवावा लागला. तीस मीटर पाठवायचं तंत्र आज नाही. जमिनीवरच्या दुर्बिणीची उपकरणं दर काही वर्षांनी बदलता येतात, हाही मोठा फायदा.

२१. मी एम.एस्सी. करते आहे. माझ्या प्रकल्पात केक दुर्बिणीचा डेटा आहे. तो वापरणं चूक आहे का?

हा प्रश्न एकीनं विचारला, मग आणखी तिघांनी. आकाशगंगेच्या मध्यातल्या कृष्णविवराभोवती फिरणारे तारे आंद्रेआ गेझ यांनी याच केकवरून वर्षानुवर्षं मोजले आणि २०२० चं नोबेल मिळवलं. तो डेटा टाकून दिल्यानं कुणाचा डोंगर परत मिळत नाही. वापर. शोधनिबंधाच्या शेवटी मौना केआबद्दल कृतज्ञतेचं एक ठरलेलं वाक्य असतं, ते नुसतं चिकटवण्याआधी या पानावरचे प्रश्न ५ आणि ७ वाच. आणि पुढे कधी एखाद्या प्रकल्पाच्या समितीवर बसलीस, तर जागा ठरायच्या आधी तिथे राहणाऱ्यांना विचारलं का, एवढं विचार.

२२. हवाईला जातोय. मौना केआवर जाता येतं का?

२,८०० मीटरवर पर्यटक केंद्र आहे, चॅलेंजर दुर्घटनेत गेलेले हवाईचे अंतराळवीर एलिसन ओनिझुका यांच्या नावाचं. तिथे किमान अर्धा तास थांबून शरीराला सवय होऊ द्यावी. वरचा रस्ता फक्त फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीसाठी. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांना घेऊन शिखराकडे जाऊ नये. दगडांच्या राशी दिसल्या तर त्यावर आपला दगड ठेवायचा मोह आवरा, त्या पर्यटकांच्या हौसेच्या नसतात. अगदी टोकाच्या टेकडीवर चढू नका असं तिथले लोक सांगतात. सूर्यास्त गाडीजवळूनही तितकाच छान दिसतो, आणि पूर्वेला ढगांवर डोंगराचीच त्रिकोणी सावली पसरते. कॅमेरा तिकडे वळवा.